साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड : दादरच्या दोन कॉलन्या आणि त्यांचा वारसा

दादर पश्चिमेकडून टिळक पुलावरून चालत पूर्वेला उतरलं की समोर खोदादाद सर्कल येतं. लोक त्याला अजून दादर टीटीच म्हणतात. मुंबईतली ट्राम १९६४ साली बंद झाली, पण ट्राम टर्मिनसची ती दोन अक्षरं तोंडात बसली ती बसलीच. पुलाच्या डाव्या अंगाला हिंदू कॉलनीच्या गल्ल्या लागतात. आंबेडकर रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की पारशी कॉलनी. दोन्ही वसाहती एकाच संस्थेने, एकाच आराखड्यात आखल्या. दोन्हीकडे घरं होती साधारण सारखीच, तळमजला आणि वर दोन मजले. आज हिंदू कॉलनीत तशी जुनी घरं शोधत फिरावं लागतं आणि पारशी कॉलनीत नवी. एकाच ताग्यातून कापलेल्या दोन कापडांचं असं वेगवेगळं का झालं, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे.

पुनर्विकासाच्या सभांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "आपल्या बिल्डिंगमध्ये हेरिटेज असं काय आहे हो?" विचारणारा चेष्टा करत नसतो. त्याच्या इमारतीला घुमट नाही, कोरीव कमान नाही, कोणी राजा तिथे उतरला नव्हता. जिन्याच्या पायऱ्या झिजल्यात, गच्ची गळते, लिफ्ट नाही आणि आईच्या गुडघ्यांना दुसरा मजला झेपत नाही. एकट्या इमारतीपुरतं पाहिलं तर त्याचं म्हणणं बरोबरच आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की या वसाहतीचा वारसा इमारतींमध्ये नाहीच. तो दोन इमारतींच्या मधल्या जागेत आहे. आपण मात्र यादी करायला बसलो की इमारती मोजतो, आणि इमारत साधी दिसली की फुली मारतो.

प्लेगच्या पोटी जन्मलेली वसाहत

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्याच्या हडफड्याचे. बंदराजवळच्या दाट वस्तीत एकमेकांना चिकटलेली घरं, मागच्या बाजूला घाण वाहून नेणाऱ्या अंधाऱ्या घरगल्ल्या आणि ज्यांना खिडकीच नाही अशा खोल्या. त्या वस्तीत प्लेग पसरला आणि लोक शहर सोडून गावाकडे धावले. १८९८ साली कायदा करून मुंबई सुधार न्यास, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. ट्रस्टकडे दोन कामं होती. जुन्या शहरात रस्ते फोडून समुद्राचा वारा आत आणायचा, आणि उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसवायची. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड पहिल्या कामातून निघाले. दादर-माटुंगा दुसऱ्यातून.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ट्रस्टने जितक्या गरिबांची घरं पाडली त्या मानाने त्यांच्यासाठी बांधली फार थोडी. ज्यांच्या खोल्या गेल्या ते दादरच्या नव्या भूखंडांवर राहायला आले नाहीत. ते शेजारच्याच वस्तीत आणखी दाटीने कोंबले गेले. दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांचं कौतुक मी पुढे करणार आहे, पण त्या रुंदीची किंमत कोणी मोजली ते आधी सांगणं मला भाग आहे.

दादर-माटुंग्याची योजना १८९९-१९०० च्या सुमारास आखली गेली. इथे ८५,००० लोकांची सोय व्हावी आणि तितक्याच लोकांची शेजारच्या सायन-माटुंगा योजनेत, असा अंदाज होता. आज दादरला कोणी उपनगर म्हणत नाही. त्या काळी मात्र फोर्टात नोकरीला जाणाऱ्यासाठी हे शहराबाहेरचं गाव होतं, शेतं, वाड्या आणि दलदल असलेलं. जमीन ताब्यात घेऊनही घरं लगेच उठली नाहीत. खरी बांधकामं पहिल्या महायुद्धानंतरची, १९२० आणि १९३० च्या दशकातली.

ट्रस्ट जमीन विकत नसे. भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत असे आणि करारात अटी घालत असे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

उजेडाचं गणित

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम फार आग्रहाने लावून धरला होता. त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणत. तुमच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीकडे जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून एक रेषा वर काढायची. समोरची इमारत त्या रेषेच्या खाली राहिली पाहिजे. तशी राहिली तर तळमजल्याच्या खोलीलाही आकाश मिळतं आणि आकाशाबरोबर उजेड. भूमितीच्या भाषेत सांगायचं तर मधली मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी हवी. १२ मीटर उंचीच्या इमारतीसमोर ६ मीटर मोकळे.

नियम कागदावर कोरडा वाटतो. तो कळायला एखाद्या जुन्या तीन मजली इमारतीच्या बाजूच्या पॅसेजमध्ये सकाळी नऊच्या सुमाराला जाऊन उभं राहावं. खाली शहाबादी फरशी, कडेला मातीचा पट्टा, त्यात अनंताचं नाहीतर पांढऱ्या चाफ्याचं झाड. भिंतीवर बिडाचे पाइप. तळमजल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी या पॅसेजकडे उघडते, आणि त्या वेळी ओट्यावर ऊन असतं. थेट ऊन. डाळीच्या डब्यांवर, ताटाळ्यातल्या स्टीलवर. खिडकीशी उभं राहून मान थोडी वर केली की आभाळाचा तुकडा दिसतो. हे कुणा वास्तुविशारदाच्या लहरीने घडलेलं नाही. प्लेगमध्ये माणसं गमावलेल्या शहराने भाडेपट्ट्याच्या अटीत लिहून ठेवलेला हा उजेड आहे. मला विचाराल तर या वसाहतीतली सगळ्यात मौल्यवान जुनी वस्तू तीच.

त्या पॅसेजची जुन्या शहरातल्या घरगल्लीशी तुलना करून बघा. घरगल्ली म्हणजे घराने पाठ फिरवलेली जागा. इथे घर बाजूच्या जागेकडे तोंड करून बसलं. गॅलऱ्या तिकडे निघाल्या, न्हाणीघराच्या झडपा तिकडे उघडल्या, पोरांचं क्रिकेट तिथे रंगलं.

आतली रचनाही नवी होती. चाळीत दोन खोल्या आणि टोकाला सामायिक संडास. दादर-माटुंग्यात आला 'ब्लॉक'. ज्याचा दरवाजा लावला की संसार आत आणि जग बाहेर, असा स्वतंत्र. संडास, मोरी, स्वयंपाकघर सगळं एका कडीच्या आत. संडास घरात आणायला जुनी माणसं पटकन राजी नव्हती, सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता. म्हणून अनेक जुन्या ब्लॉकमध्ये संडास अगदी कडेला, गॅलरीच्या टोकाला किंवा मागच्या दाराशी ढकललेला दिसतो. त्या एका कोपऱ्यात मराठी मध्यमवर्गाची अख्खी एक पिढी कशी बदलली ते वाचता येतं. 'ते ब्लॉकमध्ये राहतात' हे वाक्य लग्न जमवताना किती वजनाने उच्चारलं जाई, हे आमच्या आधीच्या पिढीला विचारावं.

राजगृह

हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पलीकडे माटुंग्याला तमिळ मंडळींची वस्ती. नावांतच चौकटी आहेत. ट्रस्टच्या मोकळ्या हवेत जातिधर्माची हवा मिसळलेली होतीच. म्हणून हिंदू कॉलनीच्या पाचव्या गल्लीतलं 'राजगृह' मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात येण्याआधी दोन दशकांहून अधिक काळ परळच्या बीआयटी चाळीत राहिले. बीआयटी म्हणजे हाच तो ट्रस्ट. कामगारांसाठी चाळी आणि मध्यमवर्गासाठी भूखंड, असे त्याच्या कामाचे दोन हात होते. बाबासाहेब एका हातातून दुसऱ्या हातात आले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे घर बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. बांधकामात स्वतः लक्ष घातलं. मगधाच्या राजधानीवरून नाव दिलं. ५०,००० हून अधिक ग्रंथ तिथे मावले. ज्या समाजाला गावकुसाच्या आत घर बांधू दिलं जात नव्हतं, त्या समाजातला माणूस 'हिंदू' नावाच्या कॉलनीत रुंद रस्त्यावर, चहूबाजूंनी उजेड घेणारं, ग्रंथालय असलेलं घर उभं करतो. १९५६ च्या ७ डिसेंबरला त्यांची अंत्ययात्रा याच गल्लीतून निघाली.

राजगृहाला वारसा वास्तूचा दर्जा आहे आणि तो असायलाच हवा. पण समजा उद्या राजगृह तसंच ठेवून त्याच्या चारी बाजूंना पंचवीस-पंचवीस मजले उभे राहिले, तर काय वाचलं? भिंती वाचल्या. बाबासाहेबांनी ज्या प्रकारची गल्ली निवडली होती ती गेली. सहा डिसेंबरला लांबून आलेली माणसं जेव्हा त्या गल्लीत शिरतात तेव्हा ती घरच बघत नाहीत. बाबासाहेब ज्या रस्त्याने चालले तो रस्ता बघतात.

रस्त्यापलीकडे काय झालं

मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमधले इंजिनिअर. मध्यमवर्गीय पारशांसाठी इथे १०३ भूखंड राखून ठेवायला त्यांनी सरकारला राजी केलं. त्यांनी वसाहत कशी वसवली ते आजही फिरताना दिसतं. प्रत्येक रस्त्याला वेगळं झाड. जाम-ए-जमशेद रोडला अशोक, फिरदौसी रोडला महोगनी. फिरदौसी रोडवर मे महिन्याच्या दुपारी चालून बघा, वरची सावली कुठे तुटत नाही. घरं तळमजला अधिक दोन. मधे पाच बागा, ज्यांना आज मंचेरजी जोशींचंच नाव आहे. शाळा, अग्यारी, जिमखाना, हॉल चालत जाण्याच्या अंतरावर.

मुंबईतल्या इतर पारशी 'बागां'ना, म्हणजे वसाहतींना, कुंपण आणि फाटक असतं. या कॉलनीला कधीच नव्हतं. रस्ते सार्वजनिक, बागा सार्वजनिक. हिंदू कॉलनीतली, माटुंग्यातली मुलं इथेच सायकल शिकली, आजही शिकतात.

मग ती टिकली कशी? बऱ्याच भूखंडांच्या करारात रहिवासी पारशीच असावेत अशी अट होती. त्यामुळे बाहेरच्या बाजारात फ्लॅट विकून पैसा उभा करण्याचा रस्ता बंद झाला, आणि तो बंद झाला की बिल्डरचं गणित जुळत नाही. झाडं आणि गॅलऱ्या कायद्याने वाचवल्या त्याहून जास्त या अटीने वाचवल्या. मला हे सांगताना आनंद होत नाही. जमातीच्या नावाने घराचं दार बंद करणारी अट आणि शहरातला सगळ्यात सुंदर रस्ता, दोन्ही एकाच कागदावर आहेत. शिवाय त्या कागदाचा आधारही कायमचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात पारशी उरले ५७,२६४. घरं आहेत, माणसं कमी होत चालली आहेत.

हिंदू कॉलनीत अशी अट नव्हती, आणि ते चांगलंच होतं. पण तिथे भाडेनियंत्रण कायद्याने दुसरं टोक गाठलं. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, मालकांनी हात काढून घेतला. १९६९ पासून जुन्या इमारतींवर उपकर आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ आलं, पण मलमपट्टीपलीकडे फार काही झालं नाही. चाळीस-पन्नास वर्षं गच्ची गळत राहिली की स्लॅबची सळई फुगते, प्लास्टर पडतं, एके दिवशी गॅलरीचा तुकडा खाली येतो. अशा वेळी विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३ (७) कलमाखाली उपकरप्राप्त इमारतीला ३ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, भाडेकरूला मोठं घर मालकी हक्काने, लिफ्ट, पार्किंग. कोण नाही म्हणेल? मीही त्या जागी असतो तर सही केली असती.

म्हणून २०१२ साली महापालिकेने वारसा यादी मोठ्या प्रमाणावर वाढवायचा प्रस्ताव आणला आणि त्यात शिवाजी पार्कचा परिसर घेतला तेव्हा पुलापलीकडच्या रहिवाशांनी जो कडाडून विरोध केला, त्याकडे मी अडाणीपणा म्हणून बघत नाही. हरकती ऐकायला राज्याचे माजी मुख्य सचिव दिनेश अफझुलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवावी लागली. लोकांच्या भीतीत तथ्य होतं. वारसा नियम मुंबईत १९९५ पासून आहेत, भारतातल्या कुठल्याही शहराच्या आधी. पण त्या नियमांनी घरमालकाला 'हे करू नकोस' सांगितलं. गळकी गच्ची दुरुस्त करायला पैसा कुठून आणायचा ते त्याच ठामपणाने सांगितलं नाही. हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, तरतूद कागदावर आहे, पण पागडीच्या घरात तो हक्क मालकाच्या पदरात पडतो आणि गळकं छत भाडेकरूच्या डोक्यावर राहतं. ज्याच्यावर बंधन येतं त्याला मोबदला मिळत नसेल तर तो विरोध करणारच.

वारसा मोजायचा कसा

माझ्या मते चूक मोजमापात आहे. इमारतीला ग्रेड एक, दोन, तीन देत गेलो की साधी इमारत कायम तळाला राहते, आणि तळाची पहिली पडते. २०१८ साली मुंबईच्या आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, पण त्या ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या. दादर-माटुंग्याच्या गोल गॅलऱ्या, खिडक्यांवरचे लांब छज्जे आणि उगवत्या सूर्याच्या नक्षीची लोखंडी गजं त्या रेषेबाहेर राहिली. ती आत आली असती तरी मूळ प्रश्न सुटला नसता. कारण इथे दर्शनी भाग जपून मागे मनोरा उभा केला तर सगळंच हरवतं.

इथे जपण्यासारखं काय आहे ते मोजता येण्यासारखं आहे. रस्त्याची रुंदी आणि घराची उंची यांचं प्रमाण. पुढच्या मोकळ्या जागेची खोली आणि कंबरेएवढी कुंपणभिंत, जिच्यावरून रस्त्यावरच्या माणसाशी बोलता येतं. बाजूचं अंतर. तळमजल्यावर माणूस राहतो की गाडी. आणि झाडं, ज्यांची मुळं या पुढच्या मोकळ्या मातीत पसरलेली आहेत. यातली शेवटची बाब फार कमी बोलली जाते. तळघरातलं पार्किंग भूखंडाच्या कडेपर्यंत खणलं की रस्त्यावरच्या झाडाची अर्धी मुळं तुटतात. झाड त्या वर्षी पडत नाही. तीन-चार पावसाळ्यांनी पडतं, आणि तेव्हा वाऱ्याला दोष दिला जातो.

मनोऱ्यांचं गणितही याच मापाने करून बघू. ७० मीटरची इमारत आली तर जुन्या नियमाने तिच्याभोवती ३५ मीटर मोकळे हवेत. इथल्या भूखंडांवर ते शक्य नाही, आणि तो नियम जसाच्या तसा परत आणा असं मी म्हणत नाही. पण पुनर्विकासात मोकळ्या जागेत जी सवलत दिली जाते ती नेमकी त्या उजेडातून कापून दिलेली असते. नव्या इमारतीच्या अठराव्या मजल्यावर लखलखाट आणि शेजारच्या जुन्या तळमजल्यावर दिवसा ट्यूबलाइट. सवलतीची किंमत कोणीतरी देतंच आणि तो बहुधा सभेला बोलावलेलाच नसतो.

यावर उपायाची किल्ली अजून सार्वजनिक हातात आहे, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात आशेचं वाटतं. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. ट्रस्टने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडांची पालिका वारसदार झाली. म्हणजे अशा भूखंडांवर महापालिका परवानगी देणारी तर आहेच, शिवाय जमिनीची मालकही आहे. ऑर यांच्या काळात उजेड मिळाला तो मालकाने करारात लिहिला म्हणून. आजच्या मालकालाही पट्ट्याचं नूतनीकरण करताना, पुनर्विकासाला ना हरकत देताना अटी लिहिता येतात. बाजूचं अंतर इतकं, तळघर झाडापासून इतकं दूर, तळमजल्यावर रस्त्याकडे राहती खोली, गल्लीची उंची सगळ्यांना सारखी. उरलेला चटई क्षेत्राचा हक्क दुसरीकडे विकता यावा, आणि त्या पैशातला ठरावीक वाटा दुरुस्तीसाठी इमारतीच्या खात्यात, भाडेकरूंच्या सहीने खर्च होईल असा. जी इमारत दुरुस्त होऊ शकते तिला जिन्याच्या बाहेरून लिफ्ट बसवायची परवानगी महिन्याभरात मिळाली तर निम्मे लोक पाडायचा विषय काढणार नाहीत. गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी बावीस मजले लागत नाहीत.

संध्याकाळी पाच बागांमधून फिरताना आता झाडांच्या वर मनोरे दिसतात. वरच्या मजल्यांना जास्त भाव येतो तो समोर पसरलेल्या हिरव्या शेंड्यांमुळे, म्हणजे शेजारच्यांनी तीन मजल्यांवर थांबल्यामुळे. थांबलेल्यांना त्या भावातला रुपयाही मिळत नाही.

हिंदू कॉलनीत अजून काही गल्ल्यांत जुन्या इमारती सलग उभ्या आहेत, एकमेकींना उजेड देत. त्यांच्यातल्या एखाद्या इमारतीच्या सभेत नवा आराखडा टेबलावर पसरला की पहिला प्रश्न कार्पेट एरिया किती मिळणार हा असतो, आणि तो असावाच. त्यानंतर कोणीतरी उठून विचारावं की शेजारच्या तळमजल्यावरच्या ओट्यावर सकाळी नऊला ऊन पडेल का. आराखड्यावर तो कोन काढायला पट्टी आणि कोनमापक पुरतात.